ओवी, अभंग, आर्या, लावणी, गझल… मुलांना काव्यप्रकार कुठून सांगायला सुरुवात कराल?

शेवंती

नमस्कार मंडळी.

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी सातवी-आठवीची चौदा मुलं आणि मी मिळून कविता वाचतो. गेल्या शनिवारी एका मुलाने विचारलं, "ताई, ओवी आणि अभंग यांत फरक काय? दोन्ही देवाचंच असतं ना?" मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. चरण, अक्षरसंख्या, यमक. मुलांनी वहीत उतरवून घेतली, पण चेहऱ्यांवर काहीच उमटलं नाही. घरी येताना मला राहून राहून वाटत होतं की आपण त्यांना कुलूप दाखवलं आणि दार दाखवायचं विसरलो.

म्हणून हा धागा. मला जे ठाऊक आहे ते मांडते, तुम्ही भर घाला, चुकलं तर सांगा.

माझ्या आजोबांच्या तोंडी एक पद्य असायचं, तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची ॥

श्लोक, अभंग, ओवी, आर्या. जुन्या मराठी कवितेचा अर्धा नकाशा या दोन ओळींत आहे. मला वाटतं यातला प्रत्येक प्रकार कुठल्यातरी कामाला, जागेला किंवा वाद्याला धरून वाढला. ती जागा मुलांना आधी दिसली पाहिजे, मग नियम फारसा समजवावा लागणार नाही.

ओवीची जागा जातं आणि उखळ. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ११२९ सालच्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशे वर्षं ओवी बायकांच्या गळ्यात होती. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगायला घेतला तेव्हा त्यांनी हाच लोकांच्या ओळखीचा छंद उचलला:

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

पहिल्या तीन चरणांत यमक, आणि चौथा चरण आखूड, बिनयमकाचा. मोठ्याने म्हणून पाहा. तीन पावलं चालत जायचं आणि चौथ्यावर टेकायचं. अक्षरांची संख्या इथे पक्की नाही, चरण लांबतो, आक्रसतो. म्हणूनच ओवीत गोष्ट सांगता येते, शंका काढता येते, दृष्टान्तावर दृष्टान्त देता येतात.

अभंगाची जागा टाळ आणि भजन. दहा-वीस माणसांनी एका वेळी म्हणायचं तर माप पक्कं लागणार. बोटांवर मोजा:

सुंदर ते ध्यान (६) । उभे विटेवरी (६) । कर कटावरी (६) । ठेवूनिया (४) ॥

दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. हा मोठा अभंग. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि दोन्हींच्या शेवटी यमक: 'जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले'.

मोजताना मुलं एका ठिकाणी हमखास अडखळतात. बोलताना आपण 'सुंदर्' म्हणतो, त्यामुळे त्यांना दोनच अक्षरं ऐकू येतात. कवितेत 'सुं-द-र' अशी तिन्ही अक्षरं पूर्ण म्हणायची, आणि जोडाक्षर एकच धरायचं.

श्लोकाचं मला थोडंफार येतं, आर्येत मात्र मी पक्की नाही. पोवाडा, लावणी, गझल, सुनीत, हायकू यांवर जाणकारांनी लिहावं ही विनंती. फक्त व्याख्येआधी तो प्रकार कुठे, कुणी, कशाच्या साथीने म्हटला ते सांगा.

---

खानदेशी_केळ

शेवंतीताई, धागा वाचून माझी आजी डोळ्यांसमोर उभी राहिली. आमच्याकडे चोपडा तालुक्यात गिरणी आली तरी लग्नाच्या हळदीसाठी आजी जातं मांडायची.

एक मुद्दा जोडते. ज्ञानेश्वरीतली ओवी आणि जात्यावरची ओवी एका घरच्या असल्या तरी चाल वेगळी. जात्यावर समोरासमोर दोघी बसतात, खुंटा दोघींच्या हातात. एक ओळ म्हणते, दुसरी तीच उचलते किंवा पुढची जोडते. दळण जड असलं की ओळ लांबते, मध्ये 'बाई', 'गं', 'माझ्या' असे शब्द येतात. ते निव्वळ भरीचे नव्हेत. त्या जागी दम घेतला जातो आणि जात्याचा फेरा पुरा होतो.

आणि त्या मुलाला जरूर सांगा, जात्यावरची ओवी फक्त देवाची नसते. पहिल्या काही ओव्या देवाला देऊन झाल्या की भाऊ येतो, माहेरची वाट येते, सासूचा बोल येतो, लेक येते. जे बोलायला घरात दुसरी जागा नव्हती ते बायका पहाटे जात्याला सांगायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ध्वनिमुद्रणंही आहेत. मुलांना ती ऐकवाच, छापील ओवी वाचून त्यातला घरघराट कळत नाही.

आमच्या बहिणाबाईंचं उदाहरण घ्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना म्हटलेलं मुलाने आणि नातलगाने उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. 'अरे संसार संसार' मोजा, आठ. 'जसा तवा चुल्ह्यावर' मोजा, आठ. कुणी शिकवलं होतं त्यांना मोजायला? कानानेच ना?

---

अनुस्वार

वा! शेवंतीताई, तुम्ही दिलेल्या त्या पद्याच्या मात्राच मोजू या, आर्येचा प्रश्न तिथेच सुटतो. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचं माप. लघु (ऱ्हस्व) अक्षराची एक मात्रा, गुरूची (दीर्घाची) दोन. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो तेही गुरू.

सुश्लोक वामनाचा: २+२+१+२+१+२+२ = १२
अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची: १+२+१+२+२+१+२+१+१+१+२+२ = १८
ओवी ज्ञानेशाची: १२
किंवा आर्या मयूरपंताची: १८

१२-१८-१२-१८. मूळ आर्येच्या शेवटच्या चरणात १५ मात्रा असतात. चारही चरण असे भरले की तिला गीती म्हणतात. मोरोपंतांची (तेच हे मयूरपंत) बहुतेक 'आर्या' ही खरं तर गीतीच आहे. म्हणजे हे पद्य मयूरपंतांचं कौतुक त्यांच्याच मापात करतं! मुलांना फळ्यावर मोजायला लावा, शेवटचा आकडा जुळतो तेव्हा वर्गात एकदम उजेड पडतो. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

एकूण पसारा बघितला तर मोजणीच्या तऱ्हा तीनच. छंदात अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही (ओवीचं माप त्यातही सैल). जातीत मात्रा मोजायच्या, आर्या त्यातली. वृत्तात कुठल्या जागी लघु आणि कुठल्या जागी गुरू हेही ठरलेलं. माधव जूलियनांनी 'छंदोरचना'त ही वाटणी इतकी नीट लावली आहे की आजही त्याच वाटेने जावं लागतं. ६-६-६-४ ला ते देवद्वार म्हणतात, 'देवाचिये द्वारी' वरून.

वृत्ताची ओळख 'मनाच्या श्लोकां'नी करून द्या. २०५ श्लोक, वृत्त भुजंगप्रयात:

म-ना-सज् । ज-ना-भक् । ति-पं-थे । चि-जा-वे

लघु-गुरू-गुरू, असं चार वेळा. एकही अक्षर हललेलं नाही. लहानपणी परवचा म्हणताना आपण सगळे याच ठेक्यावर डुललेलो आहोत, फक्त त्याला वृत्त म्हणतात हे ठाऊक नव्हतं. गणांसाठी, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या लघु-गुरू गटांसाठी, 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र पाठ करून घ्या: कुठलाही गण हवा असेल तर ते अक्षर आणि पुढची दोन. 'यमाता' म्हणजे य गण, लघु-गुरू-गुरू.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. ओवीचा प्रवास जात्यावरून पोथीत गेला इतकाच नाही, तो चर्चमध्येही पोचला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली रायतूर, म्हणजे राशोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून येशूची कथाही त्याने पुराणाच्याच घाटात सांगितली. त्यातली ही ओवी:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कि रत्नांमाजि हिरा निळा । तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी ॥

तीन चरणांचं यमक आणि चौथ्यावर टेकणं. ज्ञानेश्वरीत जे ऐकू येतं तेच, सव्वातीनशे वर्षांनी, दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या तोंडी. हे मला फार मोठं वाटतं.

---

एकतारी

माझं घर कीर्तनकारांचं. वडील नारदीय कीर्तन करायचे, मी टाळ आणि पेटी सांभाळायचो. शेवंतीताईंचा जागेचा मुद्दा मला मनापासून पटला.

कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा दुसरा भाग, ऐकला तर काव्यप्रकारांची अख्खी रांग एका बैठकीत भेटते. आख्यान पुढे सरकवायचं असलं की साकी किंवा ओवी. डोळ्यांत पाणी आणायचं असलं की दिंडी, ९ आणि १० अशा १९ मात्रांची ओळ, मध्ये किंचित थांबणारी. एखादा दरबार, युद्ध, मिरवणूक वर्णायची असली की कटाव: यमकांमागून यमकं, श्वास न घेता, आणि मृदंग मागे लागलेला. कटावात अमृतरायांचं नाव पहिलं. वडील कटाव सुरू करायचे तेव्हा मागच्या रांगेत पेंगणारे म्हातारेसुद्धा ताठ बसायचे.

श्रोत्यांना विचार करायला लावायचा असला की श्लोक किंवा आर्या, सावकाश. मोरोपंतांनी 'केकावली' मात्र आर्येत लिहिली नाही. ती पृथ्वी वृत्तात आहे. देवाला हाक मारताना त्यांनी नेहमीचं माप बाजूला ठेवलं, याचं मला लहानपणापासून कुतूहल आहे.

भारूड विसरू नका. एकनाथांनी वासुदेव, जोगी, महारीण, विंचू चावलेला माणूस अशी गावात दिसणारी सोंगं घेतली आणि त्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला. भारुडाला अक्षरांचं एक ठरलेलं माप नाही. तिथे सोंग हाच घाट. मुलांकडून करून घ्या, वाचून घेऊ नका.

आणि साकी-दिंडीचा प्रवास कीर्तनात थांबला नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, त्या पदांत या चाली आहेत. संगीत नाटक ऐकणाऱ्या पहिल्या प्रेक्षकांचे कान कीर्तनाने आधीच तयार केलेले होते.

---

डफतुणतुणे

राम राम. पोवाड्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

पोवाडा म्हणजे पराक्रमाचं गाणं एवढंच पुस्तकात असतं. त्यात झीलकरी कुठे आहेत? शाहीर पुढे, हातात डफ. मागे दोघं-तिघं, एकाकडे तुणतुणं, एकाकडे झांज. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे 'जी जी रं जी' म्हणून ती उचलतात. त्या दोन क्षणांत शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ आठवते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीचं चित्र पक्कं होतं. पोवाड्याची ओळ तुटक, ठासून का असते ते झील ऐकल्याशिवाय कळणार नाही. मध्येच डफ थांबवून शाहीर गद्यात बोलतो, मग पुन्हा चढ्या चालीत शिरतो.

अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा हा शिवकाळातला, मिळालेल्यांत सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो. तिथून १८६९ साली महात्मा फुल्यांनी शिवाजीराजांवर पवाडा लिहिला, तो रयतेचा राजा सांगायला. प्रकार तोच, सांगणारा बदलला आणि सांगणंही बदललं.

लावणीबद्दल मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लावणी म्हणजे फक्त शृंगार आणि नाच असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी शृंगार लिहिला तसा वैरागही लिहिला. फडावरची लावणी उभ्याने, बैठकीची लावणी बसून, एकेक ओळ दहा तऱ्हांनी अदा करत. कलगी-तुऱ्याच्या फडात भेदिक लावणी चालायची. एका बाजूने शास्त्रातलं कोडं घालायचं, दुसऱ्या बाजूने रात्रभर खल करून सोडवायचं. कलगीवाले शक्तीचे, तुरेवाले शिवाचे. लिहिता न येणारी माणसं तिथे तत्त्वज्ञानावर भांडत होती.

आणि अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली'. छक्कड आहे ती, लावणीचाच एक प्रकार. मुंबईत पोटासाठी आलेला माणूस गावाकडच्या मैनेच्या विरहाने होरपळतो, आणि ऐकता ऐकता ती मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हजारो गिरणी कामगारांनी ती ऐकली. विरह हा लावणीचा जुना विषय. त्यात चळवळ बसवली म्हणून ती थेट काळजाला भिडली. तेच भाषणात सांगितलं असतं तर भिडलं असतं का?

अनंत फंदींचा फटकाही सांगा मुलांना. 'बिकट वाट वहिवाट नसावी', नावाप्रमाणे चापटीसारखा उपदेश. आठवीच्या मुलांना तो लगेच पाठ होतो.

---

नवा_शेर

गझलेची विचारणा दिसली म्हणून धाडस करतो. दोन वर्षं गझल शिकतोय. माझी एक अपुरी गझल ठेवतो, जाणकारांनी तपासावी, म्हणजे नियमही समोर येतील.

उन्हाळ्यात रानी झरा शोधताना
मला भेटलो मी जरा शोधताना

किती आरसे मी घरी आणले अन्
फसावे पुन्हा मी खरा शोधताना

गडाची जुनी भिंत मातीत गेली
थके हात माझे चिरा शोधताना

---

अनुस्वार

@नवा_शेर, वृत्त निर्दोष आहे. लघु-गुरू-गुरू चार वेळा, म्हणजे भुजंगप्रयातच! गंमत अशी की फार्सी छंदशास्त्रात हीच बहर (वृत्त) 'मुतकारिब', फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन. फिरदौसीचा 'शाहनामा' याच ठेक्यात आहे, फक्त ओळीच्या शेवटी एक अक्षर कमी. रामदासांचे श्लोक म्हणत वाढलेला मराठी कान म्हणूनच ही बहर परकी मानत नाही.

आता नियम. 'शोधताना' हा रदीफ, मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत जसाच्या तसा येतो. त्याआधीचे झरा, जरा, खरा हे काफिये, म्हणजे यमकं. त्यांत न बदलणारं अक्षर 'रा', आणि त्याच्या आधीचा स्वर 'अ'. या स्वराला अलामत म्हणतात आणि तो मतल्यात ठरला की गझलभर पाळायचा. तुमचा तिसरा शेर इथे घसरतो. 'चिरा'मध्ये 'रा'आधी 'इ' आहे. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी'त हे अगदी सोप्या शब्दांत सांगितलं आहे. नव्या माणसांना हे कळावं म्हणून त्यांनी आयुष्यभर पत्रं लिहिली.

पण तो शेर टाकू नका. गडाची भिंत आणि थकलेले हात हे तिन्ही शेरांत सर्वांत जिवंत आहेत. चिरा, शिरा, हिरा अशा काफियांची वेगळी गझल होऊ द्या. दुसरा शेर मात्र पुन्हा लिहा, 'खरा' कोण ते स्पष्ट होत नाही. शेर दोन ओळींत संपला पाहिजे, पुढच्या शेराचा आधार त्याला मिळत नाही.

---

एकतारी

अनुस्वार, शेवटचं वाक्य शेवंतीताईंच्या जागेच्या मुद्द्याला जोडून घेतो. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, लोक वाट बघतात, मग दुसरी ओळ पडते आणि दाद जाते. काफिया कोणता येणार याचा अंदाज श्रोता मनातल्या मनात बांधत असतो. अलामत चुकली की तो अंदाज मोडतो. नियम तिथून आलेला आहे, व्याकरणातून नाही.

---

नवा_शेर

मनापासून आभार. चिऱ्याचा शेर वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवला. दुसरा शेर पुन्हा घेतो.

---

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथल्या शाळेत मुलांना हायकू पहिल्यांदा शिकवतात, कारण तो लहान: ५-७-५. माझ्या दहा वर्षांच्या लेकीने मराठी शाळेसाठी हा लिहिला. त्या दिवशी आमच्याकडे बर्फ होता आणि आजीकडे नाशिकला अवकाळी पाऊस:

काचेला बर्फ
फोनवर आजीच्या
पाऊस पडे

अक्षरं बरोबर आहेत ना? मराठीत हायकूला यमक हवंच का?

---

अनुस्वार

लेकीला सांगा, तिसऱ्या ओळीशी मी बराच वेळ थांबलो. दोन देशांतलं अंतर तिने एकही मोठा शब्द न वापरता सांगितलं.

अक्षरं बरोबर, ५-७-५. पण जपानी माणूस अक्षरं मोजत नाही, तो 'ओन' मोजतो, आणि ते आपल्या मात्रेच्या जवळचं आहे. तोक्यो हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा, त्यांना चार ओनांचा: तो-ओ-क्यो-ओ. तुमच्या लेकीच्या हायकूच्या मात्रा ९, ११, ८, म्हणजे २८. बाशोचा १६८६ सालचा बेडकाचा हायकू सतरा ओनांत संपतो. म्हणजे आपली सतरा अक्षरं पुष्कळ जास्त ऐवज वाहतात. म्हणून मराठीत आकड्यापेक्षा क्षण धरणं महत्त्वाचं. शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला तो याच समजुतीने, तीन छोट्या ओळी, आकड्याचा आग्रह नाही. यमक आलं तर येऊ द्यावं, ओढून आणू नये. जपानीत ऋतू सुचवणारा एक शब्द असतो, किगो. लेकीच्या हायकूत बर्फही आहे आणि पाऊसही, एका क्षणात दोन आकाशं.

---

माळरान

इथपर्यंत सगळं वाचलं, आनंद झाला, पण एक हरकत नोंदवतो. मोजणी, मोजणी, मोजणी. उद्या त्या चौदा मुलांपैकी एखाद्याला असं काही म्हणायचं असेल जे सहा-सहा-सहा-चारमध्ये बसत नाही, तर? त्याला वाटेल आपलं बोलणं कविता नाही.

कवी अनिलांनी 'भग्नमूर्ती' १९४० साली मुक्तछंदात लिहिली तेव्हा तेच दार उघडलं. ओळ किती लांब असावी ते विचार ठरवेल. पण मुक्तछंदातही लय असते, ती घड्याळाची नसून श्वासाची असते. नारायण सुर्वे मोठ्याने वाचा, कामगार वस्तीत माणूस माणसाशी बोलतो त्या बोलण्याचा चढउतार ऐकू येतो. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) वाचा. मुंबईतल्या त्या वेश्यावस्तीतलं जगणं शार्दूलविक्रीडितासारख्या भारदस्त वृत्तात कसं सांगणार? तिथली भाषाच छंद मोडून बाहेर येते.

त्याच अनिलांनी पुढे दहा ओळींची 'दशपदी' घडवली आणि त्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्याने बंध सोडले त्यानेच नवा बंध विणला. हे मुलांना दोन्ही बाजूंनी सांगा.

सुनीताचं थोडक्यात: चौदा ओळी, इंग्रजी सॉनेटवरून केशवसुतांनी मराठीत आणलं. कधी ८ आणि ६ अशी मांडणी, कधी ४-४-४-२. मधे कुठेतरी विचाराला कलाटणी मिळते, तीच त्याची खूण. आपल्याकडे ते बहुधा शार्दूलविक्रीडितात लिहिलं गेलं, १९ अक्षरांची भारदस्त ओळ. सातवीला जड जाईल.

---

खानदेशी_केळ

माळरानदादा, हरकत पटली, पण एक सांगू? माझ्या आजीला तिचं दुःख ओवीत म्हणताना माप आड आलं नाही. मापामुळेच तिला बोलता आलं. नुसतं बोलायची तर 'रडू नको, गप बस' म्हणून घरच्यांनी गप्प केलं असतं. ओवी म्हणून म्हटलं तेव्हा कुणी अडवलं नाही.

---

माळरान

हे मी याआधी असं बघितलं नव्हतं. यावर विचार करतो.

मर्ढेकरांचंही आठवलं. 'पिपात मेले ओल्या उंदिर', इतकी नवी, इतकी भयंकर प्रतिमा, आणि मात्रा मोजल्या तर आठ-आठ, म्हणजे पादाकुलक ही सोळा मात्रांची जाती. अगदी बाळबोध चालीत. त्या चालीमुळेच अंगावर काटा येतो. तेव्हा माझं म्हणणं इतकंच राहील, की मुलांना दोन्ही द्या आणि निवड त्यांची त्यांना करू द्या.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार झाला, तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका मुलीच्या घरून छोटं जातं आणलं. दोन-दोन मुलांनी खुंटा धरला आणि ज्वारी दळत ओव्या म्हटल्या. तिसऱ्याच फेऱ्याला एक मुलगा म्हणाला, "ताई, दमलं की ओळ आपोआप लांबते." खानदेशी_केळ, तुमचं वाक्य मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग टाळ घेतले. तेच मूल, ज्याने ओवी-अभंगातला फरक विचारला होता, म्हणालं, "जात्यावर आपण थांबलो तरी चालतं, टाळ थांबत नाही. म्हणून मोजायचं." मी व्याख्या खोडून वहीत त्याचं वाक्य लिहायला सांगितलं.

शेवटचा अर्धा तास सगळ्यांनी मिळून एक अभंग रचला. विषय त्यांनीच निवडला, शाळेच्या वाटेवरची चिंच. अक्षरं बोटांवर, भांडणं भरपूर. माळरान, एका मुलीने मोजायला नकार दिला आणि कोपऱ्यात बसून तिच्या पद्धतीने लिहिलं, ते ती पुढच्या शनिवारी वाचणार आहे. बाकी तेरा जणांचं हे:

शाळेच्या वाटेत । चिंच उभी एक ।
पाखरे अनेक । पानांआड ॥

पाऊस आला की । धावतो खालती ।
थेंब निथळती । हातांवर ॥

दप्तर पाठीचे । कोरडे राहते ।
चिंच ती भिजते । माझ्यासाठी ॥